साखरेबरोबर लघवीवाटे काय काय निघून जाते: ते ओळखावे कसे आणि भरून काढावे कसे

"रात्री तीनतीनदा उठावे लागते, म्हणून संध्याकाळनंतर मी पाणीच पीत नाही," हे वाक्य मधुमेह असलेल्या घरात कधी ना कधी ऐकू येतेच. माझ्या आईने हा नेम जवळजवळ वर्षभर पाळला. त्या वर्षात तिची लघवी काही कमी झाली नाही. उलट जीभ कोरडी पडू लागली, पहाटे पोटऱ्यांत पेटके येऊ लागले आणि चार किलो वजन उतरले. पाणी जास्त प्यायल्यामुळे लघवी जास्त होते, असे ती धरून चालली होती. प्रत्यक्षात लघवीवाटे पाणी ओढले जात होते आणि म्हणून तिला तहान लागत होती. पाणी ओढून नेणारी होती साखर. ही साखर एकटी कधीच बाहेर पडत नाही. पाण्याच्या त्या लोंढ्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, जस्त आणि पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वेही निघून जातात.

ही गळती आपल्याकडे चालू आहे की नाही हे घरच्या घरी कसे ताडावे, कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, आणि गेलेले भरून काढताना काय करावे व काय टाळावे, हे येथे सांगितले आहे. औषधाची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. मात्र त्यांच्यासमोर बसताना हातात नेमकी माहिती असली, तर पाच मिनिटांच्या भेटीतही बरेच काही साधते.

१८० चा हिशेब

निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले दीडदोन लिटर सोडून बाकी सगळे पुन्हा रक्तात घेतात. रक्तातली साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर या १८० लिटरमध्ये सुमारे १८० ग्रॅम साखर गाळली जाते, आणि तीही जवळजवळ सगळी परत घेतली जाते. हे काम मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या सुरुवातीच्या भागातले वाहक करतात. त्यांपैकी एसजीएलटी-२ नावाचा वाहक सुमारे नव्वद टक्के साखर उचलतो आणि उरलेली पुढच्या टप्प्यावर एसजीएलटी-१ उचलतो. या वाहकांच्या क्षमतेला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की त्यांच्या हातून साखर निसटू लागते आणि लघवीत उतरते. या पातळीला मूत्रपिंडाचा उंबरठा म्हणता येईल. तीनही ठिकाणी १८० हाच आकडा यावा हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा आहे.

हा उंबरठा सर्वांचा सारखा नसतो. गरोदरपणात तो खाली येतो, त्यामुळे रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत साखर दिसू शकते. उलट, बरीच वर्षे मधुमेह असलेल्या आणि वयस्कर व्यक्तींमध्ये तो वर सरकलेला असू शकतो.

नलिकेत उरलेली साखर पाण्याला धरून ठेवते. एरवी परत घेतले गेले असते ते पाणी मग नलिकेतून पुढे वाहत राहते. प्रवाह वाढला आणि पातळ झाला की त्यातले क्षार उचलून घ्यायला नलिकांना पुरेसा अवधी मिळत नाही. शिवाय मॅग्नेशियम परत घेण्याच्या कामात इन्सुलिनचाही हात असतो, म्हणून इन्सुलिन कमी पडले किंवा त्याचा परिणाम बोथटला की मॅग्नेशियमची गळती दोन्ही बाजूंनी वाढते.

साखर स्वतः हेही एक पोषकच आहे, हे आपण विसरतो. दिवसाला १०० ग्रॅम साखर लघवीतून गेली, तर सुमारे ४०० किलोकॅलरी वाहून जातात, म्हणजे मध्यम आकाराच्या साधारण चार पोळ्या. भूक लागते, माणूस व्यवस्थित जेवतो, आणि तरीही "खाल्लेले अंगाला लागत नाही" अशी तक्रार राहते, तिचे एक कारण हे आहे. दुसरे कारण असे की इन्सुलिनअभावी साखर पेशींत शिरत नाही आणि शरीर आपलेच स्नायू व चरबी मोडून खाऊ लागते. मोरीत लघवीच्या जागी मुंग्या लागतात हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही टिपून ठेवले होते, आणि मधुमेह हा शब्दच त्यातून आलेला आहे.

पहिले काम: आपण उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला आहोत ते पाहणे

कोणतीही गोळी विकत घेण्याआधी आपली साखर दिवसातला किती वेळ १८० च्या वर असते याचा अंदाज घ्यावा. त्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे एचबीए१सीचा अहवाल. हा आकडा ७ टक्के असेल, तर गेल्या दोनतीन महिन्यांतली सरासरी साखर सुमारे १५४ असते. ८ टक्के असेल तर १८३, ९ टक्के असेल तर २१२ आणि १० टक्के असेल तर २४०. याचा अर्थ असा की ८ टक्क्यांना सरासरीच उंबरठ्यावर येऊन बसलेली असते आणि दिवसाचा बराच भाग गळतीत जातो. ९ आणि १० च्या पुढे ती जवळजवळ अखंड चालू असते.

सरासरी मात्र फसवी असते. उपाशीपोटीची साखर १२० आणि दुपारच्या जेवणानंतरची २६० असणारी माणसे कमी नाहीत, आणि त्यांतली बरीच जण फक्त सकाळची उपाशीपोटीची तपासणी करून समाधानी असतात. म्हणून एक आठवडा घरच्या ग्लुकोमीटरवर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या जेवणांनंतर दोन तासांनी साखर पाहावी आणि वहीत तारखेसह लिहावी. एका दिवशी न्याहारीनंतर, दुसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्या दिवशी रात्री, अशी पाळी लावली तर पट्ट्याही कमी लागतात. आकड्यासमोर काय खाल्ले तेही लिहावे. "नेहमीचेच" असे लिहू नये.

लघवीत साखर तपासण्याची पद्धत आता मागे पडली आहे, तरी तिचे मर्म समजून घ्यावे. माझ्या आजोबांच्या वेळी घरात बेनेडिक्टचे निळे द्रावण असे. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी हलवत तापवायची. निळा रंग तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी अशा पायऱ्या चढत तो विटकरी झाला की आजोबा गोड बंद करत, म्हणजे निदान तसे जाहीर करत. आज औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी हेच काम क्षणात करते. पण लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असते, म्हणून पट्टी दाखवते ते गेल्या काही तासांतले असते, आत्ताचे नव्हे. साखर १६० असो की ७०, पट्टी कोरीच राहते. औषधाचा डोस पट्टीवरून ठरवू नये तो यासाठीच. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर असूनही पट्टी ती कमी दाखवू शकते.

एक मोठा अपवाद येथेच सांगणे जरूर आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांपैकी एखादे औषध चालू असेल, तर लघवीत साखर दिसणारच, कारण ही औषधे एसजीएलटी-२ वाहकाला मुद्दाम अडवतात आणि दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर बाहेर जाऊ देतात. अहवालात लघवीच्या साखरेपुढे तीन अधिक चिन्हे पाहून घाबरून औषध बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत. या औषधांवर रक्तातले मॅग्नेशियम उलट किंचित वाढलेले आढळते, म्हणून ही गळती आणि बेताल साखरेची गळती एकाच मापाने मोजू नये.

चोवीस तासांची लघवी मोजणे

लघवी "खूप होते" या तक्रारीला डॉक्टरांकडे फारशी किंमत नसते. "चोवीस तासांत तीन लिटर चारशे मिलिलिटर झाली" या वाक्याला असते. प्रौढ माणसाची लघवी दिवसाला तीन लिटरच्या वर गेली तर ती अतिमूत्रता मानतात. हे मोजण्यासाठी खुणा असलेला एक लिटरचा प्लास्टिकचा मग आणि झाकणाचा पाच लिटरचा कॅन पुरतो.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावी आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरची प्रत्येक लघवी मगात घेऊन, मापून, वहीत लिहून कॅनमध्ये ओतावी. शौचाला जातानाची लघवी नेमकी हातची जाते, म्हणून आधी मगात लघवी करून मग शौचाला बसण्याची सवय त्या दिवसापुरती लावून घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली लघवी मात्र घ्यावी आणि तेथे मोजणी संपवावी. आईचा पहिला नमुना आम्ही वाया घालवला तो नेमका येथे. प्रयोगशाळेने कॅन हातात दिला, पण पहिली लघवी टाकायची असते हे सांगितले नाही. आम्ही दोन्ही सकाळच्या लघव्या त्यात ओतल्या आणि आलेला आकडा दीड दिवसाचा निघाला. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम मोजायचे असेल तर कॅनमध्ये आधीच आम्ल घालून देतात. ते ओतून टाकू नये आणि थेट कॅनमध्ये लघवीही करू नये, अंगावर उडाल्यास भाजते.

त्याच दिवशी किती पाणी, चहा, ताक, आमटी पोटात गेली तेही लिहावे. पाणी भरपूर पिऊन लघवी भरपूर होत असेल आणि साखर मात्र दिवसभर १५० च्या आत असेल, तर दोष साखरेवर ढकलू नये. लघवी वाढवणारी औषधे, प्रोस्टेटचा त्रास, मूत्रमार्गाचा संसर्ग, रात्री पायांवरची सूज उतरणे अशी कारणे शोधावी लागतात.

काय जाते, आणि काय जात नाही

या सगळ्यात मॅग्नेशियमकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. टाइप २ मधुमेहात ते कमी असणे निरोगी लोकांपेक्षा बरेच अधिक आढळते. रात्री पोटऱ्यांत पेटके, पापणी फडफडणे, थकवा, हृदयाचे ठोके चुकल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. पण पेटके नसांच्या विकाराने किंवा रक्तप्रवाह कमी झाल्यानेही येतात, म्हणून केवळ लक्षणांवरून गोळी सुरू करू नये. मॅग्नेशियम घसरले की पोटॅशियमही मूत्रपिंडात टिकत नाही. पोटॅशियमचे सिरप घेऊनही पातळी वर येत नसेल, तर मॅग्नेशियम पाहिले का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या आणि रक्तदाबासाठी दिलेली लघवीची औषधेही मॅग्नेशियम कमी करतात. आपल्याकडे सकाळची उपाशीपोटीची गोळी म्हणून ही आम्लपित्ताची औषधे इतकी रुळली आहेत, की औषधांची यादी सांगताना त्यांचे नाव घ्यायचेच राहून जाते.

रक्तातल्या मॅग्नेशियमची साधी तपासणी बहुतेक प्रयोगशाळांत होते आणि १.७ ते २.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही साधारण कक्षा मानतात. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमच्या एक टक्काही भाग रक्तद्रवात नसतो, त्यामुळे आकडा कक्षेत असूनही साठा आटलेला असू शकतो. आकडा कमी आला, तर मात्र तो खराच धरावा. कमी आल्यावर पुढचा प्रश्न असा, की ते लघवीतून जाते आहे की पोटातूनच मिळत नाही. त्यासाठी एकाच वेळी रक्त आणि लघवी देऊन दोन्हींतले मॅग्नेशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ) मोजतात. लघवीतल्या मॅग्नेशियमला रक्तातल्या क्रिएटिनिनने गुणायचे, रक्तातल्या मॅग्नेशियमची ०.७ पट करून तिला लघवीतल्या क्रिएटिनिनने गुणायचे, पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणायचे. समजा लघवीतले मॅग्नेशियम ४, रक्तातले क्रिएटिनिन ०.८, रक्तातले मॅग्नेशियम १.४ आणि लघवीतले क्रिएटिनिन ६० आहे. ३.२ भागिले ५८.८ म्हणजे सुमारे ५.४ टक्के. मूत्रपिंडे चांगली असताना आणि रक्तातले मॅग्नेशियम कमी असताना हा आकडा चारच्या वर असेल, तर गळती मूत्रपिंडातूनच आहे. दोनच्या खाली असेल, तर आहार, जुलाब किंवा आतड्यांकडे पाहावे. हा हिशेब आपण स्वतः करावा अशी अपेक्षा नाही, पण तो असतो हे ठाऊक असावे.

थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो आणि पुरवठा थांबला तर तो दोनतीन आठवड्यांत सरतो. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात पॉल थॉर्नली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहींच्या रक्तद्रवातले थायमिन निरोगी लोकांपेक्षा सुमारे ७५ टक्के कमी आढळले, आणि मूत्रपिंडांतून ते बाहेर पडण्याचा वेग टाइप १ मध्ये २४ पट तर टाइप २ मध्ये १६ पट होता. त्याआधी ही उणीव लक्षात का आली नव्हती? नेहमीची चाचणी तांबड्या पेशींतल्या एका विकराची (एन्झाइमची) क्रिया मोजते, आणि ती बऱ्याच मधुमेहींत ठाकठीक दिसत होती. थायमिन साखरेच्या ज्वलनात लागते, म्हणजे ज्याच्या रक्तात साखर जास्त त्यालाच ते जास्त हवे आणि त्याच्याच लघवीतून ते जास्त जाते. पुढे २००९ मध्ये लाहोरमध्ये रोज ३०० मिलिग्रॅम थायमिन देऊन तीन महिन्यांची चाचणी झाली आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन (मूत्रपिंडांना झालेल्या इजेची खूण) घटल्याचे दिसले, पण तीत फक्त चाळीस रुग्ण होते; तेवढ्यावरून सर्वांनी मोठ्या गोळ्या सुरू कराव्यात असे ठरत नाही. सूज उतरवण्यासाठी फ्युरोसेमाइड घेणाऱ्यांनी मात्र ब१ चा विषय डॉक्टरांकडे आवर्जून काढावा, कारण त्या औषधानेही थायमिन लघवीत जाते.

जस्तही मधुमेहात लघवीवाटे जास्त जाते. जखम भरायला वेळ लागणे, चव बदलणे यांवरून शंका घेता येते. रक्तातला आकडा ताप किंवा संसर्गातही खाली जातो, म्हणून तो एकटा भरवशाचा नाही. क जीवनसत्त्वाचीही काही मधुमेहींत मूत्रपिंडातून गळती होते.

प्रथिनांचे प्रकरण वेगळे आहे. लघवीत अल्ब्युमिन येते ते साखरेच्या ओढीने नव्हे, तर गाळणीच्या जाळीला इजा झाल्यामुळे. ते साखर उतरली म्हणून आठवड्यात थांबत नाही. वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर तपासावे. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक. वर असेल तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून तीनपैकी दोनदा वाढलेले आले तरच पक्के मानतात, कारण ताप, संसर्ग, अतिव्यायाम आणि त्या दिवसांत फार चढलेली साखर यांनीही ते तात्पुरते वाढते. अल्ब्युमिन बरेच जाऊ लागले की त्याच्याबरोबर ड जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिनही जाते. तेव्हा प्रथिनांची पावडर आणून खाणे हा उपाय नव्हे. मूत्रपिंडे अधू असताना प्रथिने किती खावीत हे मोजूनच ठरवावे लागते.

आणि ब१२? त्याची उणीव मधुमेहींत सर्रास आढळते, पण तिचा दोष लघवीच्या माथी मारू नये. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ते आतड्यातच कमी शोषले जाते, आणि शुद्ध शाकाहारी घरात मुळात ते ताटात कमी असते. साखर कितीही आटोक्यात आणली तरी ही उणीव त्याने भरून निघत नाही; ब१२ वेगळे तपासावे आणि वेगळे भरावे.

आधी भोक बुजवावे, मग ताट पाहावे

गळका रांजण कितीही भरला तरी रात्रीत रिता होतो. जेवणानंतरची साखर १८० च्या आत राहू लागली की पाण्याची ओढ काही दिवसांत थांबते, आणि क्षारांची गळती पुष्कळ कमी होते. आईच्या बाबतीत संध्याकाळच्या औषधाची वेळ आणि मात्रा बदलल्यावर दहाव्या दिवशी रात्रीचे उठणे तीनवरून एकावर आले, आणि तेव्हा ती पाणी पूर्वीपेक्षा जास्त पीत होती. तहान लागली की पाणीच प्यावे. उसाचा रस, कोकमाचे गोड सरबत, बाटलीबंद पेये यांनी तहान भागल्यासारखी वाटते, साखर चढते आणि तासाभराने दुप्पट तहान लागते.

ताटापुरते बोलायचे तर आपली जुनी धान्ये या कामी चांगली आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे १४६, ज्वारीत १३३ आणि बाजरीत १२४ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते वीसच्या आतबाहेर. ज्वारीची भाकरीही साखर वाढवतेच, म्हणून भाताऐवजी भाकरी घ्यावी, भात खाऊन वर आणखी भाकरी नव्हे. सोबत कारळ्याची किंवा तिळाची चमचाभर चटणी, मुगाची किंवा मटकीची उसळ आणि एक पालेभाजी असली, तर मॅग्नेशियम, जस्त आणि थायमिन तिन्हींची सोय होते. कडधान्याला मोड आणल्याने त्यातले फायटेट (जस्ताला बांधून ठेवणारा घटक) घटते आणि जस्त जास्त शोषले जाते.

स्वयंपाकात दोन सवयी सोडाव्यात. उसळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात, त्याने थायमिन नष्ट होते. त्याऐवजी कुकरची एक शिट्टी जास्त द्यावी. आणि तांदूळ चारचार पाण्यांनी चोळून धुणे, वर पेज निथळून टाकणे, याने उरलेसुरले ब१ ही मोरीत जाते. क जीवनसत्त्वासाठी पेरूच्या चारदोन फोडी, एखादा आवळा, किंवा आमटी खाली उतरवल्यावर पिळलेले लिंबू पुरे. मोरावळा नको, त्यातल्या पाकाने मूळ हेतूच बुडतो.

ही सगळी शिफारस मूत्रपिंडे ठीक असणाऱ्यांसाठी आहे. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर पालेभाज्या, कडधान्ये, शहाळ्याचे पाणी यांतले पोटॅशियम आणि फॉस्फेट अंगावर येऊ शकते, आणि "नैसर्गिकच तर आहे" हा युक्तिवाद तेथे चालत नाही.

गोळ्यांबाबत

मॅग्नेशियमची गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग (अहवालातला ईजीएफआर) पाहिलेला असलाच पाहिजे. हा वेग ३० च्या खाली असताना मॅग्नेशियम शरीरात साचते आणि धोका उलट दिशेने येतो. गोळीने जुलाब झाले तर डॉक्टरांना सांगून प्रकार किंवा मात्रा बदलून घ्यावी. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रतिजैविके चालू असताना अंतर विचारूनच घ्यावे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे संवेदक साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात; त्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले तर साखर खाली कोसळते. "मधुमेहींसाठी खास" असे लिहिलेल्या बाटलीत काय आहे हे मागच्या बारीक अक्षरांत वाचावे. बहुतेकदा त्यात साधे बी-कॉम्प्लेक्स आणि थोडे जस्त असते, आणि किंमत मात्र खास असते. सुरू केलेली गोळी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून चालू ठेवावी किंवा थांबवावी. कायमची मानू नये.

घरी थांबायचे नाही ते केव्हा

साखर ३०० च्या वर, लघवी भरमसाट आणि त्यात उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला फळांसारखा वास किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसले तर तो दिवस आहार सुधारण्याचा नव्हे. रक्त आम्लयुक्त होण्याच्या या अवस्थेत प्रौढ माणसाच्या शरीरातले सहा लिटरच्या आसपास पाणी गेलेले असू शकते, आणि पोटॅशियमचा साठा आटलेला असूनही रक्तातला आकडा सामान्य किंवा जास्त दिसतो, कारण ते पेशींतून बाहेर आलेले असते. इन्सुलिन देताच ते पेशींत परत शिरते आणि रक्तातली पातळी एकदम पडते. म्हणून रुग्णालयात आधी पोटॅशियम पाहतात. या कारणासाठीच घरी अंदाजाने इन्सुलिनचे जास्तीचे युनिट टोचून वाट पाहत बसू नये.

ग्लिफ्लोझिन गटातले (डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे) औषध घेणाऱ्यांना हीच अवस्था साखर २०० असतानाही येऊ शकते. नवरात्रातले नऊ दिवसांचे कडक उपवास, ठरलेली शस्त्रक्रिया, उलट्याजुलाब या काळात ते औषध थांबवायचे का आणि किती दिवस आधी, हे आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. शस्त्रक्रियेपूर्वी ते साधारण तीन दिवस आधी थांबवतात. रुग्णालयात निघताना ती वही, सध्याच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि शेवटचा क्रिएटिनिनचा अहवाल एकाच पिशवीत टाकावा, आणि त्यात आम्लपित्ताच्या गोळीची पट्टीही असावी.